पोट्ट्यात दम आहे

माझ्या क्लबचं नाव सांगत नाही, कारण मला नोकरी टिकवायची आहे. एवढंच सांगते की तो व्यावसायिक बेसबॉलचा क्लब आहे, फार मोठा नाही, आणि नॉर्थ यॉर्कच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर त्याचं ऑफिस आहे. तिथे मी खेळाडू पारखायचं काम करते. नागपूरच्या माणसांना हे सांगितलं की ते आधी विचारतात, बेसबॉल म्हणजे आपल्या गिल्लीदांड्यासारखं काय? मग विचारतात, तुला कोणी ठेवलं तिथे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मी मूळची सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. माझा नवरा गुणवंत म्हणतो, हिने लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा दोन चुका काढल्या होत्या. तीन होत्या. क्लबने मला घेतलं ते खेळाडूंची माहिती साठवणारं सॉफ्टवेअर तपासायला. ते समजावं म्हणून मी सामने बघायला लागले, आणि बघता बघता नको तिथे तोंड उघडायला लागले. याचा पाय आधीच वळतोय, त्याची नजर बॉलवर नाही, असं. आमची डायरेक्टर जोसेलिन मॉन्ट्रियलची आहे. तिने वर्षभर ते ऐकून घेतलं आणि मग माझ्या हातात वेग मोजायची रडार गन दिली. म्हणाली, आलोर, आता बाहेर जाऊन बोल. आलोर म्हणजे फ्रेंचमध्ये 'तर मग', तिचं पालुपद.

तेव्हापासून मी ऑन्टारियोभर मैदानं पालथी घालते. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवाल्याच्या जागेच्या, मागे जाळीशी बसायचं आणि माणसाला वीस ते ऐंशीच्या मापात बसवायचं. हे माप बेसबॉलचंच. पन्नास म्हणजे ठीकठाक, साठ म्हणजे चांगला, ऐंशी म्हणजे देवमाणूस, आणि पन्नासच्या खाली म्हणजे घरी जा. मी पस्तीसला पास होणाऱ्या बोर्डाची मुलगी. पहिल्या महिन्यात मी एका भल्या माणसाला कौतुकाने पंचेचाळीस दिले आणि त्याचं करिअर जवळजवळ संपवलं. जोसेलिनने ते आकडे परत मागवले म्हणून तो वाचला.

सामना चालू असताना मी फोनवर हळू आवाजात बोलून नोंदी करते, आणि त्या मराठीत करते. याला कारण आहे. जाळीमागे दुसऱ्या क्लबांचेही पारखी बसलेले असतात, आणि सगळ्यांचे कान उभे असतात. एकदा मी इंग्रजीत एका पिचरचं कौतुक करून बसले आणि चार दिवसांनी तो शेजारच्या टोपीवाल्याच्या क्लबात. मराठी तिथे कोणाला कळणार? दुसरं कारण मी कोणाला सांगत नाही. इंग्रजीत मी सभ्य होते. इंग्रजीत मला सगळे खेळाडू 'इंटरेस्टिंग' वाटतात. खरं काय दिसलं ते माझ्या तोंडून नागपुरीतच निघतं.

घरी आल्यावर त्या नोंदी ऐकायच्या, नीट इंग्रजीत लिहायच्या आणि सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या. असं दोन वर्षं सुरळीत चाललं होतं.

जुलैतल्या एका रविवारी मी व्हिटबीच्या मैदानावर ओवेनला पाहिलं. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवार खेळणाऱ्यांचे ते सामने. ओवेन पंचवीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला. नोव्हेंबरमध्ये अख्ख्या व्हिटबीचे विंटर टायर्स हाच चढवतो म्हणे. तो पिचर होता. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त तो पळत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून फेकतो. चेंडूचा वेग बरा होता, फार नव्हे. मी अर्ध्या तासात निघायच्या बेतात होते.

मग त्याच्या मागच्या क्षेत्ररक्षकांनी चेंडू सोडायला सुरुवात केली. एकामागून एक तीन सोपे चेंडू. पिचरचा जीव जातो अशा वेळी. मी यापेक्षा मोठ्या नावाचे लोक हातमोजा जमिनीवर आपटताना पाहिलेत. ओवेन प्रत्येक वेळी त्या पोराकडे वळून काहीतरी बोलला, हसला, आणि परत तोच चेंडू त्याच जागी टाकला. त्याच्या एका चेंडूवर प्रचंड फटका बसला. पुढच्या माणसाला त्याने पुन्हा तोच चेंडू टाकला आणि बाद केलं. सातव्या डावात त्याचा वेग पहिल्या डावापेक्षा ताशी दोन मैलांनी जास्त होता. मी गन झटकून पुन्हा बघितली. प्रत्येक डावानंतर तो आमच्याकडे पाठ करून, एक गुडघा टेकून, बुटाची नाडी सावकाश बांधायचा. मी फोनवर बोलले, "काही घाई नाही याले."

आणि मग जे बोलले ते शब्दशः देते, कारण पुढे त्याची फार चिरफाड झाली. "पोट्ट्यात दम आहे बाप्पा. मार खाल्ला तरी हसून राहिला. मागचे पोट्टे बॉल सोडून राहिले आन् हा जीव तोडून टाकून राहिला. याले सोडू नका."

सामना संपल्यावर मी त्याला भेटले. त्याने हात पुसून माझ्याशी हात मिळवला आणि आधीच सांगून टाकलं की हा त्याचा शेवटचा उन्हाळा आहे. सप्टेंबरपासून दुकानमालक त्याला सुपरवायझर करणार, आणि त्या नोकरीत रविवारची सुट्टी नाही. आमच्या क्लबात तेव्हा एका पिचरची जागा रिकामी होती. ती शुक्रवारी पाच वाजेपर्यंत भरली नाही तर या मोसमापुरती गेली. माझ्या शिफारशीने अजून एकही खेळाडू क्लबात आलेला नव्हता. मी त्याला म्हटलं, फोन जवळ ठेव.

त्या संध्याकाळी आमच्या आंबेडकर असोसिएशनचा कार्यक्रम होता आणि चाळीस माणसांची सांबारवडी माझ्याकडे होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. गुणवंतचा फोनवर फोन. "अवं, अजून किती इनिंग राहिल्या? सांबार आणलाय, निवडू का तसाच चिरू?" नोंदी ऐकून लिहायला वेळ कुठे होता? सॉफ्टवेअरमध्ये नवीन सोय आली होती. आवाज चढवा, ते आपोआप उतरवून घेईल, भाषांतर करेल आणि योग्य त्या रकान्यात भरेल. भाषांच्या यादीत मराठी होती. ती सोय मीच तपासली होती. फ्रेंच तपासली, स्पॅनिश तपासली, जपानीसुद्धा तपासली. मराठी तपासायची गरज वाटली नाही, घरचीच म्हणून. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मी बटण दाबलं आणि कोथिंबीर वाचवायला घरी धावले.

गुरुवारी मीटिंगला गेले तर पडद्यावर ओवेनचं नाव लाल होतं.

लाल म्हणजे डॉक्टरांची हरकत. हरकत आली की चर्चाच होत नाही, पुढचं नाव घेतात. जोसेलिन पुढचं नाव घेणार तेवढ्यात मी म्हटलं, थांबा, याला काय झालंय? तिने रकाना उघडला. प्रकृती या सदरात लिहिलं होतं, 'पोटाशी संबंधित श्वासाचा त्रास आहे.' वर्तन या सदरात, 'मारहाण झाली आहे, तरी हसत असतो.' आणि अगदी शेवटी, 'जीवितास धोका. मोकळे सोडू नये.'

टेबलाभोवती सगळे गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते. क्लबचे डॉक्टर, डॉ. पार्क, हळुवारपणे म्हणाले की वेळीच कळवलंत हे चांगलं केलंत.

मला आधी हसू फुटलं, आणि मग घाम. मूळ मराठी उतारा बघितला. पोट्टा म्हणजे आमच्याकडे पोरगा, पण यंत्राने 'पोट्ट्यात'चं 'पोटात' केलं होतं. पोटात दम आहे. खाली हिरवी खूण होती, 'मराठी भाषकाकडून खात्री केली.' आमच्या ऑफिसात माझ्याखेरीज मराठी भाषक एकच, आकडेवारीवाला शंतनु. शंतनु पुण्याचा. मी त्याच्याकडे बघितलं तर तो लॅपटॉपमध्ये शिरायच्या तयारीत.

"शंतनु, हे तू पास केलंस?"

"दीपाताई, सॉरी. मला दोन मीटिंगच्या मधे तो मेसेज आला. ऑडिओ ऐकलाच नाही, फक्त टेक्स्ट वाचलं."

"अरे पण पोटात दम? असं कोणी बोलतं का?"

"मला वाटलं विदर्भात असा काही आजार असेल," तो म्हणाला. "हीटमुळे वगैरे."

त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मीटिंगमध्ये कोणाला कळलं नाही, पण डॉ. पार्क यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

मग मी उभी राहिले आणि दम या शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगायला लागले. धैर्य म्हटलं, ते पुरेना. ताकद म्हटलं, ते वेगळंच झालं. चिकाटी म्हटलं तर जोसेलिन म्हणाली की चिकाटी सगळ्यांच्याच रिपोर्टमध्ये असते. शेवटी शब्द सोडले आणि जे पाहिलं ते सांगितलं. तीन सुटलेले चेंडू, तीन वेळा वळून हसणं, फटका खाऊन पुन्हा तोच चेंडू. शंतनुने पापक्षालन म्हणून तिथल्या तिथे वेगाचे आकडे पडद्यावर टाकले. पहिल्या डावापासून सातव्यापर्यंत रेघ वर चढत गेली होती. खोलीत कोणीतरी शीळ घातली.

"म्हणजे त्याला श्वासाचा काही त्रास नाही?" जोसेलिनने विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "त्याच्या श्वासाची जबाबदारी माझी. लिहून देते." आणि खरंच लिहून दिलं, सहीनिशी.

पण लाल रंग नियमाप्रमाणे फक्त डॉक्टरच काढू शकत. डॉ. पार्क म्हणाले, नळीत फुंकायची साधी तपासणी आहे, उद्या दहाला करून टाकू, म्हणजे सगळेच मोकळे. मी ओवेनला फोन करून क्लिनिकचा पत्ता दिला. श्वासाची तपासणी म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. मला वाटलं आनंदाने.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला मी क्लिनिकशी पोचले. ओवेनचा पिकअप पार्किंगमध्ये उभा होता आणि तो आतच बसून होता, काचा वर. मी काचेवर टकटक केली. त्याने आतून दार उघडलं आणि मी शेजारच्या सीटवर चढून बसले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्याने विचारलं. इंग्रजीत 'यू' एकच असतं, पण त्याच्या आवाजातलं ते नक्की 'तुम्ही' होतं.

"काय सांगितलं?"

त्याने मूठ उघडली. आत निळा इनहेलर होता.

त्याला लहानपणापासून दमा होता. सतरा वर्षांचा असताना एका संघाच्या फॉर्मवर त्याने तो खरा लिहिला आणि त्याच आठवड्यात त्याला काढलं. त्याच कारणाने काढलं की नाही हे कोणी सांगितलं नाही, पण त्याने ठरवून टाकलं की पुन्हा कुठे लिहायचं नाही. तेव्हापासून आठ वर्षं एकाही कोचला, एकाही सोबत्याला माहीत नव्हतं. डाव संपला की पाठ करायची, गुडघा टेकायचा, नाडी बांधायची आणि मान खाली घालून दोनदा ओढायचा.

मी डोक्याला हात लावला. चुका शोधणारी बाई मी. सात वेळा त्याला नाडी बांधताना पाहिलं आणि सातही वेळा त्याच्या शांतपणाला गुण दिले.

"आत्ता दोन पफ घेतले," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तर नळीत स्वच्छ येईल. मला माहितीये. आधी केलंय. तुम्ही काही पाहिलं नाही असं करा."

मला राग आला. असा आला की आधी मराठीतच आला आणि मग मी इंग्रजी शोधलं. राग त्याचा आला, त्याला सतरा वर्षांचा असताना काढणाऱ्यांचा आला, आणि माझाही आला, कारण मला त्याचं म्हणणं पटत होतं. दोन पफ घे, दहा मिनिटांत बाहेर ये, संध्याकाळी सही. माझा पहिला खेळाडू. आणि खरं सांगितलं तर पाचच्या आत सगळं पुन्हा लाल, शिवाय काल सहीनिशी दिलेल्या माझ्या कागदाची शोभा.

"ओवेन," मी शेवटी म्हटलं, "आमच्याकडे आलास तर आठवड्याला सहा सामने असतात. तू किती नाड्या बांधणार?"

त्याने इनहेलर मुठीत फिरवला.

"मी काल अख्ख्या खोलीसमोर लिहून दिलंय की तुझा श्वास ठणठणीत आहे. आत जाऊन तू खरं सांगितलंस तर मी खोटी पडेन. तरी सांग. मी इथून उतरत नाही."

घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती. त्याने इनहेलर माझ्याकडे बघत शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तो गाडीतून उतरला. मी त्याच्यामागोमाग गेले.

डॉ. पार्क यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. मग त्याला दोनदा फुंकायला लावलं, एकदा इनहेलरशिवाय, एकदा घेऊन. आकडे बघून ते म्हणाले की दमा आहे, सौम्य आहे, आणि औषध नीट लावून घेतलं तर सातव्या डावातला वेग अजून वाढेल. आमच्या क्लबात दमा असलेले तीन पिचर आधीच आहेत. कागद भरला की औषध नियमात बसतं. "याच्यासाठी आठ वर्षं?" ते एवढंच म्हणाले, आणि कागद शोधायला लागले.

पण प्रकृतीचा रंग गेला म्हणून लपवाछपवीच्या वर्तनाचा प्रश्न सुटला नव्हता. चार वाजता जोसेलिनने आम्हाला नवव्या मजल्यावर बोलावलं. मी, ओवेन, डॉ. पार्क आणि कोपऱ्यात शंतनु. तिने माझा सहीचा कागद समोर ठेवला.

"आलोर," ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या नावावरचा रिपोर्ट पहिल्यापासून बरोबर होता. फक्त तो तू लिहिला नव्हतास."

मी मान डोलावली. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

"यांत्रिक भाषांतराला मी बढती द्यावी का?"

"देऊ शकता," मी म्हटलं. "पण त्याने याला घेऊ नका असं लिहिलं होतं. मी घ्या म्हणते आहे. अजूनही."

ती ओवेनकडे वळली. "तुला सकाळी हे लपवता आलं असतं. का नाही लपवलंस?"

"या बाई गाडीतून उतरेनात," ओवेन म्हणाला.

शंतनु खोकला. जोसेलिन हसली नाही, वाट बघत राहिली. ओवेनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि मला कंटाळा आला होता," तो हळू म्हणाला. "टायर बदलताना पाठ दुखते तेवढी फेकताना नाही दुखत. पण लपवून फार थकायला होतं."

"दीपा, तू यावर पुन्हा सही करशील?"

"आत्ता करते," मी म्हटलं. "काल मला वाटत होतं की हा माणूस मैदानावर घाबरत नाही. आज पाहिलं की तो घाबरलेला होता आणि तरी आत गेला. कालच्यापेक्षा आज मी दहा गुण जास्त देईन."

जोसेलिनने घड्याळ बघितलं, कागद माझ्याकडे सरकवला, आणि माझी सही झाल्यावर खाली स्वतःची केली. पावणेपाच वाजले होते. ओवेनने करारावर नाव लिहिलं ते एखाद्या शाळकरी पोरासारखं, जीभ दातांत धरून. शंतनु पाणी आणायला उठला.

"मंगळवारी विनिपेग," जोसेलिन म्हणाली. "विमान सकाळी सातचं. काही प्रश्न आहे?"

ओवेनने वरच्या खिशाला हात लावला आणि डॉ. पार्क यांच्याकडे बघितलं. "हा विमानात हातातल्या बॅगेत ठेवता येतो का? मी कायम सॉक्समध्ये गुंडाळून खालच्या सामानात टाकत आलोय. वर गेल्यावर काही झालं तर काय, म्हणून अख्ख्या प्रवासात झोपत नाही."

"हातातल्या बॅगेत," डॉ. पार्क म्हणाले. "बाहेरच्या कप्प्यात. लगेच सापडेल असा."

"बरं," ओवेन म्हणाला, आणि ते त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. माझे डोळे भरून आले, म्हणून मी पाणी घेऊन आलेल्या शंतनुवर खेकसले की एसी कोणी एवढा वाढवून ठेवलाय.